शीत लावलेलं पाकीट

दौंड-शिरूर पट्ट्यात चैत्र लागला की जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि जत्रेला तमाशाचा फड आला नाही तर गावच्या कमिटीला वर्षभर बोलणी खावी लागतात. गण, गौळण, बतावणी उरकली की मध्यरात्रीच्या सुमाराला वग उभा राहतो. वगांमधलं सगळ्यांत गाजलेलं जोडपं म्हणजे 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार आणि त्याची बायको गंगी. वग हरिभाऊ वडगावकरांचा. दादू इंदुरीकरांचा सावळ्या आणि प्रभा शिवणेकरांची गंगी यांनी तो महाराष्ट्रभर गाजवला. ही दोघं सारखी भांडतात. ती त्याला घालूनपाडून बोलते, तो उलटून बोलतो आणि समोरची माणसं पोट धरून हसतात. आता पुढं काय होणार, अशी धास्ती मात्र कुणाला वाटत नाही. सावळ्या-गंगीच्या पोटात काही राहतच नाही. मनात आलेलं पुढच्या क्षणी ओठावर असतं, आणि जे बोलून झालं त्याची भीती कसली?

नवरा-बायकोचं नाटक लिहायला बसलेला नवा लेखक नेमका इथंच फसतो. त्याला ताण हवा असतो म्हणून तो भांडण लिहितो. पहिल्या पानावर आवाज चढतो, दुसऱ्यावर माहेरचा उद्धार होतो, तिसऱ्यावर बशी फुटते आणि चौथ्या पानाला लेखकाचा हात रिकामा. एकांकिका स्पर्धांमध्ये अशा बशा दर वर्षी फुटतात. प्रेक्षक शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं दोन मिनिटं कान देतो आणि मग खुर्चीत चुळबुळ करायला लागतो.

ताण उभा राहतो तो थोपवून धरलेल्या वाक्यावर. दोघांपैकी एकाला काहीतरी बोलायचं आहे. काय बोलायचं आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आहे. आणि ते आत्ता, या घटकेला न बोलण्याला सबळ कारण आहे. वाक्य सुचायला फार डोकं लागत नाही. फसवलंस, लपवलंस, मला मोजलंच नाहीस, यापलीकडं नवरा-बायकोत बोलायचं उरतं तरी किती? नाटककाराची खरी मेहनत जाते ती कारण शोधण्यात. ते त्या घरचं, त्या गावचं, त्या नोकरीधंद्यातलंच असावं लागतं.

गोविंद बल्लाळ देवलांनी ही युक्ती हसण्यासाठीही वापरली आणि रडण्यासाठीही. 'संशयकल्लोळ'चं बीज मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनातलं. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आलं आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं त्याचं संगीत रूप रंगभूमीवर आणलं. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. तिथं पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती न्याहाळत असताना तिला फाल्गुनराव पाहतो. दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दोघांचाही निष्कर्ष साफ चुकलाय, आणि खरं काय ते फक्त आपल्याला माहीत. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देऊन देवलांनी हा सगळा खेळ आहे हे आधीच सुचवून ठेवलंय.

याच देवलांनी त्याआधी पंचवीसेक वर्षं शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणला होता. 'ऑथेल्लो'त तसबिरीच्या जागी हातरुमाल आहे. वस्तू तितकीच क्षुल्लक, गैरसमजही तसाच. तिथं मात्र बायकोचा जीव जातो. असं का? फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघंही संशयी आहेत आणि दोघंही तोंडानं फटकळ आहेत. संशय आला की बाहेर पडतो, त्यामुळं वाफ साठत नाही. ऑथेल्लो रुमाल मागतो, टाकून बोलतो, हातही उगारतो. पण संशय कुणावर आहे, त्या माणसाचं नाव शेवटच्या प्रवेशापर्यंत बायकोसमोर उच्चारत नाही. कुणाबरोबर, असं ती विचारते तेव्हाही नाही. ते एक नाव वेळेवर घेतलं असतं तर नाटक तिथंच मिटलं असतं. प्रेक्षकाला हे कळतं म्हणून तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो.

इब्सेननं १८७९ साली 'अ डॉल्स हाउस'मध्ये रुमालाच्या जागी पत्र ठेवलं. नोराचं गुपित उघड करणारं पत्र दाराच्या टपालपेटीत पडलंय, पेटीला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. पेटीला काच असल्यानं पत्र दिसतं, हात मात्र पोचत नाही. त्यानं पेटी उघडू नये म्हणून नोरा त्याला नाच बसवून द्यायला लावते. या नाटकाचा धागा मराठीत मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'पर्यंत (१९४२) येतो. ज्योत्स्ना भोळ्यांची भानुमती घर सोडून निघते तेव्हा तिच्यामागं नोरा उभी असते.

कारण गावचं असावं लागतं म्हणजे काय, हे एक प्रवेश रचूनच बघू. स्थळ दौंड, रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. उत्तम मालगाडीवर लोको पायलट आहे. सकाळी रनिंग रूमवरून घरी आला, दुपारभर झोपला, आणि रात्री लॉबीतून ड्युटीचा कॉल कधीही येईल. बायको शोभा. उत्तमचा धाकटा भाऊ गावी, भीमेच्या काठावर ऊस करतो. भावाचा नववीतला मुलगा शाळेसाठी यांच्याकडं राहतो. भावानं पतसंस्थेतून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं, उत्तम त्याला जामीन राहिला आणि घरी बोलला नाही. हप्ते थकले. आता जामीनदाराच्या नावानं नोटीस आली आहे.

पडदा उघडतो तेव्हा शोभा एकटीच स्वयंपाकघरात. हातात नोटीस, उघडलेली. ती वाचते, घडी घालते, पाकिटात सारते. पातेल्यातलं भाताचं एक शीत उचलते, बोटानं चिरडून पाकिटाच्या तोंडाला लावते, दाबते, फुंकर घालते. पाकीट मिरचीच्या डब्यावर ठेवते. मग परत उचलून जरा तिरकं ठेवते, टाकल्यासारखं दिसावं म्हणून. एक शब्दही नाही. पण आता प्रेक्षक तिच्या कटात सामील झालाय, आणि पुढं दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी तो कान टवकारून ऐकणार.

उत्तम जेवायला बसतो. पुतण्या भिंतीला टेकून गणितं सोडवतोय.

शोभा : आमटी परत गरम करू?
उत्तम : असू दे. आहे तशी चालंल.
शोभा : भाऊजींचा फोन आलता.
उत्तम : (घास हातात) काय म्हणत होता?
शोभा : काही नाही. तोड आली नाही म्हणाले अजून.
उत्तम : हं. (थांबून) पोस्टमन येऊन गेला काय?
शोभा : तुमच्या नावाचं आहे एक. मिरचीच्या डब्यावर.
उत्तम : उघडलं नाहीस?
शोभा : तुमच्या नावाचं मी कशाला उघडू?

उत्तम उठतो, डाव्या हातानं पाकीट उचलतो, उलटंसुलटं करतो आणि न उघडता ड्युटीच्या बॅगेत सारतो. परत येऊन जेवायला बसतो. शोभा त्याच्या ताटात भाकरी वाढते, त्यानं मागितलेली नसताना.

या प्रवेशात आवाज चढलेला नाही. तरी 'पोस्टमन येऊन गेला काय' या प्रश्नाशी प्रेक्षक सावध होतो, कारण भावाचं नाव निघताच उत्तमला टपाल आठवलं. म्हणजे नोटीस येणार हे त्याला ठाऊक होतं. आणि बायकोनं उत्तर देताना सरळ सरळ खोटं सांगितलंय. म्हणजे खोटं बोलणारा आता एकटा नाही, दोघं आहेत. नवशिका लेखक इथं एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवून मोकळा होतो, आणि निकाल लागला की कोर्ट रिकामं होतं.

शोभा बोलत का नाही? पुतण्या समोर बसलाय आणि विषय त्याच्या बापाचा आहे, हे एक कारण. पण दौंडच्या घरात त्याहून मोठं कारण आहे. हा माणूस रात्री गाडी घेऊन जाणार आहे. रनिंग स्टाफच्या घरात ड्युटीच्या आधी वाद नको, झोपेचं खोबरं नको, ही गोष्ट बायकांना कुणी शिकवावी लागत नाही. रेल्वेही कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना बोलावून हेच सांगत असते. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला एखादा सिग्नल दिसलाच नाही तर? शोभाचं गप्प बसणं हा भित्रेपणा नाही आणि सोशिकपणाही नाही. तिच्या गप्प बसण्यावर एक आख्खी मालगाडी अवलंबून आहे. हेच क्वार्टर पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत उचलून नेलं, उत्तमला बँकेत बसवलं, की प्रवेश कोसळतो. बँकेतल्या नवऱ्याशी रात्री दहाला भांडायला काय हरकत आहे?

आता एवढ्यावर प्रवेश फार वेळ तगत नाही. ताण नुसता वाढवत नेला तर तो सपाट होतो, त्याला उलटवावं लागतं. पुतण्या वहीतून मान वर करून निरागसपणे विचारतो, "काकू, तुझं गंठण सोडवून आणलं का गं?" शोभा म्हणते, "गुमान गणितं कर." उत्तमचं लक्ष तिच्या गळ्याकडं जातं. गळ्यात नुसती काळी पोत आहे. ती पहिल्यापासून तशीच होती. आपल्यालाही दिसत होती, पण आपण पाकिटाकडं बघत होतो.

उत्तम : कधी ठेवलंस?
शोभा : दिवाळी झाल्यावर. दोन हप्ते भरलेत.
उत्तम : मला सांगितलं नाहीस.

आणि तोंडातून शब्द निघताच तो थांबतो. जे वाक्य बायको संध्याकाळपासून गिळून बसली होती, तेच याच्या तोंडून बाहेर पडलंय. चांगला प्रयोग झाला तर इथं प्रेक्षागृहात हशा येईल आणि अर्ध्यावर थांबेल. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून मागच्या टोकाला लावायचे, तसंच हे. गाडी तीच, डबे तेच, माणसंही आपापल्या जागेवर. फक्त मघापर्यंत तोंड पुढं करून बसलेला आता पाठमोरा चाललेला असतो. (कॉर्ड लाइनचं स्टेशन झाल्यापासून कित्येक गाड्या दौंड जंक्शनात शिरतच नाहीत. नाटककारानं मात्र हा वळसा चुकवू नये.)

एकानं तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं असेल तर? राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त हाच पेच आहे. वकिलीची सनद काही काळासाठी जाते, सुधाकर दारूला लागतो, संसार बुडतो आणि सिंधू अखेरपर्यंत नवऱ्याला दोष देत नाही. ती लोकांची दळणं दळते, पण बोलत नाही. आजच्या वाचकाला तिचा राग येतो, मलाही येतो. पण कारागिरी म्हणून पाहिलं तर गडकऱ्यांनी केलंय ते विलक्षण आहे. सिंधूनं बोलायला हवी होती ती वाक्यं त्यांनी वाया घालवली नाहीत, दुसऱ्या पात्रांना वाटून दिली. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते. सिंधूचा भाऊ पद्माकर बोलतो, सुधाकरचा मित्र रामलाल बोलतो. सगळं बोलून होतं, फक्त जिनं बोलायचं तिच्या तोंडून नाही. गीता बोलली की आपली नजर सिंधूकडं जाते. नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते १९१९ साली बडोद्याला. गडकरी त्याच वर्षी २३ जानेवारीला गेले होते, त्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही. सिंधू बालगंधर्व करायचे. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला हा नट ठिगळाचं लुगडं नेसून जात्यावर बसला की न बोललेलं अर्धं वाक्य त्या लुगड्यातूनच कळत असणार.

विजय तेंडुलकरांनी 'कमला'त (१९८१) हेच काम तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेतलं. नाटकामागं त्याच वर्षीची खरी घटना होती: इंडियन एक्स्प्रेसचे पत्रकार अश्विनी सरीन यांनी माणसांचा बाजार सिद्ध करण्यासाठी एका बाईला विकत घेऊन बातमी केली. तेंडुलकरांचा जयसिंग जाधव दिल्लीतला बडा पत्रकार आहे, आणि त्याची बायको सरिता सुरुवातीला काय करते? त्याचे फोन घेते. कुणाचा आला, काय म्हणाला, ते लिहून ठेवते. घरी आल्यावर तो त्याचा हिशेब घेतो. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. सरिताकडं अजून वाक्यच नाही. आपलं काहीतरी चुकतंय हे तिला सांगता येत नाही, म्हणून ती बोलत नाही. मग घरात विकत आणलेली कमला येते आणि रात्री अगदी सहज विचारते की मालकानं तुला केवढ्याला घेतलं. सरिता उत्तर देते. आकडा सांगते, सातशे. कमलाला तो व्यवहार महागात पडल्यासारखा वाटतो. हा संवाद वाचताना हसू येतं. रंगमंचावर बघताना ते अंगावर येतं. नवरा त्या वेळी तिथं नाही. नवरा-बायकोमधला सगळ्यांत ताणाचा प्रवेश नवऱ्याच्या गैरहजेरीत, दोन बायकांमध्ये झाला.

आणि वाक्य सापडल्यावरही तेंडुलकर ते तिला मनासारखं वापरू देत नाहीत. ती नवऱ्याबद्दल जगाला सांगायच्या तयारीत असते, तोवर जयसिंगची नोकरी जाते. पडलेल्या माणसावर घाव घालायचा का? ती पुन्हा थांबते. काहींना हा शेवट माघार वाटतो. माझ्या मते 'कमला'तला सगळ्यांत खरा भाग तोच आहे: न बोलण्याचं एक कारण संपलं की संसार लगेच दुसरं हातात ठेवतो.

नवऱ्याची गैरहजेरी याहून धीटपणे वापरली ती प्रशांत दळवींनी 'चारचौघी'त (१९९१). दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचं. माहेरी आलेली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते आणि ते बोलणं इतका वेळ चालतं की दुसरा एखादा लेखक तेवढ्यात प्रवेश संपवून मोकळा झाला असता. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. वंदना गुप्ते यांनी ती विद्या गाजवली, २०२२ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वेनं. फोनचा फायदा काय? विद्या थांबते तेव्हा तो काहीतरी बोलत असतो, आणि ते काय हे आपण भरतो. नाट्यगृहातला प्रत्येक जण आपापल्या अनुभवातला नवरा त्या जागी बसवतो. रंगमंचावर नट उभा केला असता तर तो एकच नवरा झाला असता, आणि त्याचा चेहरा जरा बरा असता तर चार लोक त्याच्या बाजूला गेले असते. शिवाय फोन कुठल्याही क्षणी पलीकडून ठेवला जाऊ शकतो. समोरचा माणूस उठून जायला दारापर्यंत चालावं लागतं, फोन ठेवायला काही लागत नाही.

थोपवलेलं वाक्य कधीतरी सुटावं लागतं, नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. सुटताना ते मोठ्या आवाजात येऊ नये, इतपत इब्सेनकडून शिकता येतं. नोरा नवऱ्याला टेबलापाशी बसवते आणि आपण आज पहिल्यांदाच गंभीरपणे बोलतोय हे त्याच्या लक्षात आणून देते. रडारड आधीच होऊन गेलेली असते.

दौंडच्या प्रवेशात मी ते वाक्य पहिल्या अंकात सोडणार नाही. 'मला सांगितलं नाहीस' नंतर लगेच लॉबीचा फोन वाजला पाहिजे. उत्तम बूट चढवतो, शोभा डबा भरते, दोघांनाही माहीत आहे की तो परत येईपर्यंत यावर बोलणं नाही, आणि तिथं मध्यंतर. दुसऱ्या अंकात तो ड्युटी करून, आंघोळ करून बसलेला असेल. गाडीचं कारण संपलेलं असेल. तेव्हा लेखकानं सगळ्यांत आधी पुतण्याला शिकवणीला पाठवावं. मग भावाला गावाहून बोलावून दारात उभा करायचा का? मोह होईल, कारण तीन माणसांचं भांडण लिहायला सोपं जातं. मी त्याला फोनवरच ठेवीन, आणि फोन शोभाच्या हातात देईन.